हातांनी बोलू नका

१२ जानेवारी

माझी चिमी आज हसली. माझ्याकडे नाही – वरच्या मजल्यावर, जाऊबाईंकडे! ऑफिसमधून येताना जिन्यातच ऐकू आलं. पर्स खांद्याला तशीच ठेवून वर गेले. दोघी शिलाई मशीनपाशी समोरासमोर बसलेल्या, मध्ये बटणांचा डबा, आणि दोघींचे हात नुसते भिरभिरत होते. कसला विनोद चालला होता कोण जाणे. मी विचारलं, "काय गं, कसली गंमत?" दोघींपैकी एकीनंही वर बघितलं नाही. जाऊबाईंना लहानपणापासून ऐकू येत नाही. चिमीला ऐकू येतं, पण आता कळत नाही. आणि मी धडधाकट कानांची, दारात मूर्खासारखी उभी.

जळफळाट झाला. खरं तेच लिहिते. इथे कोण वाचतंय!

१५ जानेवारी

मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. आजाराला एकदाचं नाव मिळालं. फार क्वचित होतो म्हणे, आम्हालाच बरा सापडला! कान उत्तम आहेत. पण झोपेत तिच्या मेंदूत सतत गडबड चालू असते, आणि त्यात बोलण्याचा अर्थ लावणारी जागाच बंद पडत चाललीय. चार वर्षांची होईपर्यंत बोलून बोलून डोकं खायची. पाचवं लागलं आणि एकेक शब्द गळत गेला. आम्ही आधी हट्टीपणा समजलो, मग बहिरेपणा. रागावलेसुद्धा मी तिला, "ऐकू येत नाही का?" म्हणून.

गोळ्या सुरू केल्यात. मी विचारलं, "बोलणं परत येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "काहींचं येतं. किती येईल ते आत्ता नाही सांगता येणार."

१६ जानेवारी

दिवसभर फोनवर लोकांच्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकते. आज एक बाई म्हणाल्या, "तुमचा आवाज ऐकूनच बरं वाटलं हो!" घ्या! जिचं मशीन गळतंय तिला माझा आवाज पुरतो.

२२ जानेवारी

गोळ्यांनी गाल फुगलेत, भूक वाढलीय, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर. आज ताट भिरकावलं. "काय झालं राणी? काय हवंय?" – विचारून विचारून माझा घसा सुकला. जाऊबाई खाली आल्या, एकदाच हात हलवला. चिमीनं लगेच उत्तर दिलं. मोजे टोचत होते.

मोजे! मी जन्म दिलाय तिला, आणि तिला मोजे टोचतात हे मला जावेकडून कळतं – तेही नवऱ्यानं अर्थ सांगितल्यावर. म्हटलं, "तुला कसं कळलं?" तर म्हणतो, "शिकतोय मी. घरून काम असतं त्या दिवशी वर जाऊन बसतो. तूपण शीक ना." म्हणजे सगळ्यांचं गुळपीठ जमलंय, परकी काय ती मीच.

ऑफिसात असताना जाऊबाईच तिला सांभाळतात. उपकार आहेत, माहितीय. उपकार करणाऱ्या माणसाचा राग येणं फार वाईट. येतोच पण.

२८ जानेवारी

भावजींना आज स्पष्ट सांगितलं. हातांनी भागत असेल तर पोरगी तोंड कशाला उघडेल? जाऊबाईंना सांगा, काही दिवस चिमीसमोर हातांनी बोलू नका. भावजी म्हणाले, "म्हणजे आमच्या हिनं बोलायचंच नाही, असं का गं?"

मी म्हटलं, "पोरीच्या भल्यासाठी."

पोरीच्या भल्यासाठी! किती सहज निघालं तोंडातून.

३० जानेवारी

जाऊबाईंनी माझं ऐकलं. आज मी सुट्टी घेतली होती, म्हणून बघायला मिळालं. चिमी हातांनी काहीतरी विचारत होती. त्या मशीनवरच्या कापडाखाली हात घालून बसल्या. चिमीनं कापड ओढून काढलं, त्यांचे हात बाहेर काढले, हलवून बघितले. बंद पडलेलं खेळणं हलवतात तसे. मग जमिनीवर पडून किंचाळायला लागली. मी उचलायला गेले तर मनगटाला कडकडून चावली.

जाऊबाई रडत होत्या. त्यांच्या रडण्याला आवाज असतो, हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं.

वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच्याही आधी मनात आलं, माझ्यासाठी चिमी कधी अशी किंचाळेल का!

४ फेब्रुवारी

बोलणं शिकवणाऱ्या बाई तशा पोरसवदाच आहेत, केस कायम विस्कटलेले. मनगटावरचा चावा बघून त्यांनी विचारलं, तेव्हा सांगावंच लागलं. "हात बंद केले? कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "मीच... मला वाटलं..." "अहो, तिच्याकडे तेवढी एकच वाट उघडी होती! भाषा कुठूनही आत जाऊ दे. हातांनी बोललं म्हणून तोंडाचं बोलणं अडत नाही."

माझं तोंड एवढंसं झालं. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "हातांची भाषा येणारं माणूस घरातच आहे? नशीब काढलंत तुम्ही!"

नशीब! तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाईंचं खरं होतं, म्हणूनच गेली.

५ फेब्रुवारी

वर गेले. माफी हातांनी कशी मागतात ते मला येत नाही, आणि तोंडानं मागून उपयोग नाही. शेवटी चहा करून दिला. जाऊबाईंनी कप बाजूला ठेवला. माझे दोन्ही हात धरून समोर घेतले आणि 'पाणी' शिकवलं. माझं चुकलं. तर चिमी मध्ये घुसली आणि माझी बोटं सरळ केली. कपाळाला आठी घालून! मास्तरीणच झाली.

तेवढा वेळ तिनं माझा हात धरला होता.

१८ फेब्रुवारी

'भूक', 'पुरे', 'टोचतं', 'कुठे' एवढं जमतं. पण माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत चिमी कंटाळून निघून जाते. आजही गेली – अर्थात वर! शिकलं की जळणं थांबतं असं कुणी म्हटलं नव्हतंच म्हणा.

२७ फेब्रुवारी

पुन्हा तपासणी झाली. झोपेतली गडबड बरीच कमी झालीय. डॉक्टर पहिल्यांदा मोकळे हसले. परवा बेल वाजल्यावर चिमी म्हणे दाराकडे धावली होती. नवऱ्यानं सांगितलं, मी घरी नव्हतेच.

शब्द येतील तेव्हा पहिली हाक मला मारू दे. दुसरं काही मागत नाही. असलं मागायची लाज वाटते. तरी मागितलंय.

३ मार्च

काही नाही. वाट बघतेय.

१० मार्च

सकाळी जाऊबाई खाली आमच्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. चिमी मागून म्हणाली, "काकू." स्पष्ट. मग आणखी मोठ्यानं, "काकू!" त्या वळल्या नाहीत. कशा वळतील? नवरा अंघोळीला गेलेला. ऐकणारी मी एकटी. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं.

मी जाऊन त्यांना खांद्याला धरून वळवलं. येतं तेवढं हातांनी सांगितलं – चिमी. तोंडानं. तुम्हाला. त्यांना खरं वाटेना, मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.