तिरकी वायर

प्रिय ताई,

तू फोनवर म्हणालीस, रविवारी लेक स्वतः ड्रिल घेऊन स्वयंपाकघरात फळी बसवणार आहे. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. या पत्रासोबतच्या पिशवीत पिवळं यंत्र आहे, भिंतीतली वायर शोधायचं. आधी चालू बटणाजवळ धरून ते वाजतंय का बघा. मग सगळ्या भिंतीवर बोट-बोट सरकवत फिरवा आणि वाजेल तिथे खडूने खूण करा. शोधताना वीज चालू हवी, नाहीतर ते मुकंच राहतं. भोक पाडताना मात्र मेन स्विच बंद, ड्रिल बॅटरीवरचं घ्या. यात उलटसुलट करू नका.

जन्मभर वायरमनचं काम करताना मी सगळ्यांना एकच सांगत आलो, की वायर बटणाच्या सरळ वर जाते नाहीतर सरळ आडवी, तिरकी कधीच नाही. भाऊजींनाही मीच शिकवलं. मला मास्तर म्हणायचे, वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलने वायरी काढून पास का नापास विचारायचे. तू चहा गार होतोय म्हणून ओरडायचीस. त्या हसण्याची फार आठवण येते गं.

ते गेले त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षं तू येईल त्याला सांगतेस, धसमुसळा माणूस, भिंत न बघता ड्रिल घातलं आणि जिवाला मुकला. आता लेकही म्हणते, मी बाबांसारखं आंधळं काम करणार नाही. आणि मी समोर बसून मान डोलावतो.

ताई, भाऊजींनी भिंत बघितली होती. नंतर ते भोक बुजवायला मीच आलो होतो, तू आतल्या खोलीत पडून होतीस. स्वयंपाकघराच्या त्याच भिंतीवर त्यांची पेन्सिलची रेघ होती, बटणापासून थेट छतापर्यंत. रेघेपासून चांगली वीतभर लांब फुली, आणि भोक बरोबर फुलीवर. मी शिकवलं तस्सं. तिरकी वायर माझी होती. तुझं घर बांधताना वायरिंग मीच केलं; त्या जागी काँक्रीट लागलं, छिन्नी चालेना, दुसऱ्या कामावर पळायची घाई होती. म्हटलं, प्लास्टरखाली कोण बघायला येतंय. अपघातानंतर भिंत फोडून ती सरळ केली असती, तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून तुटली तिथेच जोडली, वर सिमेंट लिंपलं, रेघ पुसली आणि रंग मारला. वायर अजून तशीच तिरकी आहे.

रविवारी त्या भिंतीला हात लावू देऊ नकोस. शनिवारी सकाळी मी छिन्नी-हातोडी घेऊन येतोय. दार उघडावंसं वाटलं नाही, तर दुसरा वायरमन बोलाव आणि हे पत्र त्याच्या हातात दे. पण त्याआधी लेकीला वाचून दाखव. तिचे बाबा पास झाले होते, हे तिला कळू दे.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
धाकटा