तो खड्डा नव्हता

२ फेब्रुवारी २०२५, उदगीर
आज मी खोटं बोलले. चाकूरचं लग्न आटोपून येत होतो, गाडी हे चालवत होते. गाडीला डावीकडून धक्का बसला. "काय गं?" — हे. "काही नाही, खड्डा." मी वळून पाहिलं, मला सगळं दिसत होतं — आडवी सायकल, सांडलेलं गवत, मनगट धरून बसलेली बाई. थांबा म्हणायला हवं होतं! म्हटलं नाही.

३ फेब्रुवारी
पेपरात काही आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं — आणि त्याचीच लाज वाटली.

७ फेब्रुवारी
ह्यांना डावीकडचं नीट दिसत नाही, दोन वर्षं झाली. मी शेजारी बसून सांगत असते — ट्रॅक्टर आला, म्हैस आहे, पुढे खड्डा. लोकांना वाटतं, काकू फार बडबडतात!

आज लायसनच्या नूतनीकरणासाठी दाखला आणायला डॉक्टर रविकिरणकडे गेलो. ह्यांचा विद्यार्थी. उठून पाया पडला आणि सही ठोकली. "सर, मी तुमची परीक्षा घेणार व्हय?" अक्षरांचा तक्ता भिंतीवरच राहिला. एका मार्कासाठी पोरांना पुन्हा पेपरला बसवणारे हे मार्तंड सर! सदतीस वर्षांपूर्वी एकदा गाडी चालवून दाखवली, त्यानंतर कुणी म्हटलंच नाही, पुन्हा दाखवा. मी तरी कुठे म्हटलं? मी गुपचूप चहा प्यायले.

१२ फेब्रुवारी
लेकीचा फोन. सोमवारपासून मालविकाला शाळेत सोडायचं काम आजोबांकडे. हे लगेच हो म्हणाले. गाडीत दोघंच असणार. माझ्या जागेवर सात वर्षांची नात!

१४ फेब्रुवारी
देवळात जाते म्हणून निघाले आणि चाकूरच्या बसमध्ये बसले. फाट्यावर विचारत गेले. सापडली — दानम्मा. हात प्लास्टरमध्ये. म्हशीची धार शेजारीण काढते. मी पाणी मागायचं निमित्त केलं.

"पांढरी गाडी होती बगा. बाजूची बाई वळून बगत होती की माज्याकडं. वाटलं, ती तरी थांबवंल."

मला ओळखलं नाही. पाणी मात्र तिनंच दिलं, डाव्या हातानं. मला माझी किळस आली.

१६ फेब्रुवारी
उद्या सोमवार. जेवताना सांगून टाकलं — तो खड्डा नव्हता. दानम्मा, प्लास्टर, सगळं. ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. खड्डा असता तर तू आधीच सांगितलं असतंस."