मायची पट्टी

सिरसाळा,
२ एप्रिल २०२५

चि. सौरभ,

सप्रेम जयभीम.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी टेम्पोवाल्या सटवाच्या हाती देते आहे. आम्ही बऱ्या आहोत. माय दुधात भाकरी कुस्करून खाते. लकव्यात गेलेली वाचा मात्र परत आलेली नाही.

तुझं काम झालं. दादांनी हाताने बनवलेला तो सिंथेसायझर उघडताना जीव खालीवर झाला खरा. सूर वरखाली करायची मूठ ज्यावर बसते, त्या पॉटला त्यांनी एक जादा रेझिस्टर डाग देऊन जोडला होता. मूठ कितीही फिरवा, सूर मायच्या काळी एक पट्टीच्या वर जायचा नाही. आपल्या गायन पार्टीत माझ्या बायकोशिवाय कोण गाणार, असं त्यांना वाटलं असावं. मी तो काढला, पॉट नवा टाकला. आता पार्टीत नव्याने गाणाऱ्या तेजश्रीची काळी पाच सहज लागते.

पुढचं सांगायचं टाळत होते.

मशीन बंद असतं, मूठ कुणी हलवत नाही, तरी पॉटला लावलेल्या मीटरवरचा आकडा उतरतो. पॉट खराब म्हणून दुसरा टाकला, तोही तसाच. मध्येच थांबतो, पुन्हा उतरतो. मागे वळून पाहिलं तर खाटेवर मायचा गळा हलत होता. ती श्वासाला थांबली की आकडा थांबायचा.

तरी मी गप्प बसले असते. पण रविवारी तेजश्री रियाजाला आली. दुसऱ्या कडव्याला मशीनचा सूर घसरू लागला, तशी पोरगीही घसरली, पार मायच्या पट्टीत. आवाज जाडसर, शब्दाच्या शेवटी मायचाच हेल. मायचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मी घाबरून वायर उपटली. मशीन गप्प झालं, पोरगी गात राहिली.

"ताई, मी न्हाई गायले. मला थांबताच येईना," ती म्हणाली, तेही मायच्या आवाजात. अजून तशीच बोलते. तिची आई काल माझ्या दारात रडली. "जयंतीचं गाणं राहू दे बाई, माझ्या लेकीचा आवाज तेवढा वापस दे."

नव्या गाणाऱ्याला पार्टीच्या प्रमुखाने घेऊन यायचं, जुन्याच्या पायाशी बसवायचं आणि पट्टी मागून घ्यायची, ही आपली रीत. छबुआत्याकडून मायने अशीच घेतली होती. आता प्रमुख तू, पण तू मशीन पाठवलंस, पोरगी पाठवलीस, स्वतः आला नाहीस. मायला असं बघवत नाही तुला, मला ठाऊक आहे. मलाही बघवत नाही, सौरभ, पण मी बघते. परवा मीच तेजश्रीला मायच्या पायाशी बसवलं. मायने मान फिरवली आणि दाराकडे बघत राहिली.

आत्ता पोरगी मायच्या उशाशी बसली आहे. एरवी तुला सौरभदादा म्हणणारी. मी हे लिहीत असताना तिने मला विचारलं, "जोत्स्ने, माझा सौऱ्या आला का गं?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते तूच येऊन दे.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझी ताई
ज्योत्स्ना