डोहाच्या वाडीची होडी मोकळी करण्याबाबत

प्रति,
मेहेरबान प्रांतसाहेब,
मुक्काम कँप इंदापूर, जिल्हा पुणे.

विषय : जप्त केलेली होडी सोडविणे व गोजरबाई नावाडीण हिच्यावरील खटला दुसरीकडे चालविणे.
संदर्भ : माझा गेल्या वर्षीचा अर्ज, जो चौकशीसाठी, ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्या सरपंचांकडेच पाठविण्यात आला.

महोदय,

१. मी खाली सही करणार रामहरी कुंडलिक रासकर, मौजे डोहाची वाडी, तालुका इंदापूर येथील भीमेच्या पात्रातील बेटावर भाजीपाला पिकवितो. बेटावर बावीस घरे आहेत. पावसाळ्यात गावात येण्यास एका होडीखेरीज मार्ग नाही.

२. पूर्वी होडीचा कारभार पुण्याच्या एका कचेरीकडे होता. बुडाची फळी कुजली तेव्हा मी तीन वर्षांत पाच अर्ज केले. अखेरीस उत्तर आले की, नदी कोणत्या खात्याकडे आहे ते अर्जदाराने कळवावे. म्हणून होडी गावाच्या ताब्यात द्यावी असा अर्ज मीच लिहिला व घरोघर फिरून सह्या घेतल्या. सन १९३५ साली ग्रामपंचायत झाली आणि दीड महिन्यात नवी होडी पाण्यात उतरली. गावाचे काम गावाने केले की कसे होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. ती सही मी आजही नाकारीत नाही.

३. परंतु पंचायतीत बेटावरचा एकही पंच नाही. सरपंच आप्पासाहेब यांनी होडी आपल्या घरची समजण्यास वर्षही घेतले नाही. गेल्या श्रावणात माझे कुटुंब प्रयागबाई हिला कळा सुरू झाल्या. सुईण गावात होती. होडी मात्र सरपंचांच्या पाहुण्यांना पळसदेवचे देऊळ दाखविण्यास गेली होती. मी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत काठावर उभा राहून हाका मारल्या. होडी आली तेव्हा मूल गेलेले होते. प्रयागबाई कशीबशी वाचली.

४. मी पंचायतीकडे दाद मागितली. सरपंच म्हणाले, "पंचायतीचा कारभार पंचायत बघंल. तुला पुण्याला जायाचं आसंल तर खुशाल जा." मी पुण्यास अर्ज केला. तो 'विषय गावपातळीवरील आहे' असा शेरा मारून सरपंचांकडेच परत आला. त्यांनी तो चावडीत मोठ्याने वाचला. माझ्या मेलेल्या मुलाची हकीकत ऐकून दोन पंच हसले. महोदय, पूर्वी पुणे ऐकत नव्हते, आता ऐकण्याचे काम ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडेच आहे. यात सुधारणा कोणती झाली, हे मला समजावून द्यावे.

५. या महिन्याच्या दहा तारखेस आमच्या शेजारची कौसल्या तापाने बेशुद्ध पडली. नावाडी सोनबा आजारी असल्याने त्याची बायको गोजरबाई होडीवर होती. सरपंचांनी आपली माणसे आधी पोचविण्याचा हुकूम केला. गोजरबाईने वल्हे खाली ठेविले नाही. ती एवढेच म्हणाली, "होडी गावाची हाय. सरपंच गावातला हाय, पर सरपंच म्हंजी गाव न्हाय. आदी आजारी माणूस उतरंल." तिने कौसल्येस आणले, आणि तिन्हीसांजेपर्यंत कोणाचा हुकूम न विचारता तिला धरून आम्हा सदतीस जणांची ने-आण केली. कौसल्या इंदापूरच्या दवाखान्यात बरी झाली.

६. दुसऱ्या दिवशी गोजरबाईवर होडी चोरल्याची फिर्याद झाली. फिर्यादी सरपंच, साक्षीदार सरपंचांचे भाऊ, आणि सोमवार तारीख ३० रोजी गावच्या न्यायपंचांत मुख्य म्हणून बसणारेही सरपंच. होडी मुद्देमाल ठरवून साखळीने झाडाला बांधली आहे. अकरा दिवस बेटावरचे वांगी व दोडके जागीच सडत आहेत. हा अर्ज घेऊन आम्ही नवराबायको भोपळ्यांच्या सांगडीवरून नदी उतरून आलो. प्रयागबाईस पुन्हा सातवा महिना आहे.

७. सबब होडी आजच मोकळी करावी, खटला तालुक्याच्या ठिकाणी चालवावा, व बेटाला एक पंच मिळावा. होडी पुण्यास परत देऊ नये. ती आमचीच राहू द्यावी, मात्र तिच्याबद्दल जाब विचारण्याची जागाही आम्हाला द्यावी. आणि हा अर्ज कृपा करून सरपंचांकडे अभिप्रायास पाठवू नये.

८. तसे न झाल्यास सोमवारी आम्ही सदतीस जण सांगडीवरून का होईना, चावडीत हजर होऊ. चोरीच्या होडीत आम्ही बसलो होतो, तेव्हा आरोपींत आमचीही नावे लिहून घ्या, असे आम्ही सांगणार आहोत. पहिले नाव कौसल्या सांगणार आहे.

कचेरीच्या पायरीवर उत्तरासाठी बसलेला,
आपला नम्र अर्जदार,
रामहरी कुंडलिक रासकर
निशाणी अंगठा : प्रयागबाई रामहरी रासकर
तारीख २१ ऑगस्ट १९३७

सोबत : (१) पुण्याहून परत आलेला अर्ज, शेऱ्यासह. (२) कौसल्येच्या दवाखान्याची चिठ्ठी. (३) सदतीस जणांच्या सह्या व अंगठे.