वर्तणुकीचा दाखला

दि. ९ मार्च

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सारे ठीक. तुझ्या गुडघ्याची मात्र काळजी वाटते.

अक्षर वाकडं आहे, पण उजव्या हाताचं आहे. करवतीने तुटलेली शीर जुळली. परवा चार महिन्यांनी रंधा धरला. लाकडाची पहिली साल निघाली तेव्हा देवाला हात जोडले. दोन्ही नीट जुळले, याचंच अप्रूप वाटलं.

या चार महिन्यांत घर कसं चाललं, हे तू फोनवर विचारायचीस आणि मी "चाललंय" म्हणून विषय बदलायचो. आज सांगतो. जखमी कारागिरांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यावर चाललं.

तुझ्या भावजयीने मला जवळजवळ ढकलतच कचेरीत नेलं. मी अर्जाला दोन पानांची विनंती जोडली होती: दारू नाही, विडी नाही, रोज पूजा करतो. वर गावच्या शाळेचा दाखला, 'वर्तणूक चांगली' असं लिहिलेला. खिडकीतल्या बाईंनी तो उलटसुलट पाहिला.

"हा कशाला, काका?"

"माणूस बरा आहे हे कळावं म्हणून."

"वर्तणूक वाईट असती, तर हात कमी कापला असता का?"

रांगेत हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने तुझी भावजय हसली.

मी तो का नेला, हे तुला ठाऊक आहे. दुष्काळात त्या बड्या घराच्या ओसरीवर पीठ वाटायचे. आधी आईला विचारायचे, पोरं देवळात जातात का, नवरा उलटून बोलतो का. मग मापटं भरायचं. एक दिवस बाबा म्हणाले, पुन्हा कोणापुढे हात पसरायचा नाही. ते बोलणं मी देववाणीसारखं धरून बसलो.

रांगेत माझ्यामागे एक निवृत्त बस-ड्रायव्हर उभे होते. म्हणाले, "आमच्या डेपोत पूर्वी कोणी आजारी पडलं की वर्गणीचा डबा फिरायचा. लाडका असला तर डबा भरायचा, तोंडाळ असला तर तळ दिसायचा. पोरं दोघांचीही तेवढीच उपाशी. मग भांडून ठरवलं, दर पगारातून सगळ्यांचं कापायचं आणि पडेल त्याला द्यायचं, तोंड न बघता. पुढे सरकारने तेच सगळ्यांसाठी केलं."

"पण मी सरकारला काय दिलं?"

"साबणाची वडी घेता ना? तिच्यावरचा कर काय तुमचा सासरा भरतो?"

ताई, आता खरं ते. भावोजी गेले त्या वर्षी तू विधवा पेन्शनचा अर्ज घेऊन आली होतीस. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मी तो चुलीत घातला. म्हणालो, माझी बहीण भीक घेणार नाही. तू एक शब्द बोलली नाहीस. त्यानंतर अकरा वर्षं लोकांच्या कपड्यांना इस्त्री करतेस. तुझा गुडघा कशाने गेला, हे मला कळत होतं. आब माझा राहिला, उभं तुला राहावं लागलं.

दुसऱ्या खेपेला मी खिडकीतल्या बाईंना विचारलं, "ओळखीतल्या एका बाईंचं असं असं आहे."

"ओळखीतल्या म्हणजे बहीण का?"

"थोरली," मी म्हणालो.

"अर्ज अजूनही करता येईल," त्या म्हणाल्या. "मागची वर्षं मात्र मिळणार नाहीत."

मागची वर्षं मलाही देता येणार नाहीत. कोरा अर्ज सोबत ठेवला आहे, साक्षीदाराच्या जागी सही केली आहे. भरायचा की नाही ते तू ठरव. या वेळी मी मध्ये येणार नाही. एवढं लिहून झालं आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटतंय.

पत्राला उत्तर लिहू नकोस. रविवारी येतो. जे बोलायचं ते समोर बोल, अकरा वर्षांचं बोल. मी ऐकायला येतोय.

तुझा अपराधी,
धाकटा