मेट्रनबाईंचा शेरा

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठोंब्या यास अ. उ. आ.

ज्यांची आई कधी आजारीच पडत नाही, अशा तमाम लेकरांनो! या सभेला सध्या तू आणि मी असे दोघेच हजर आहोत, पण आपली तक्रार एकच आहे. आपल्या मेट्रनबाईंनी छत्तीस वर्षं सरकारी इस्पितळातला वॉर्ड चालवला आणि घरी आल्यावर आपल्यालाही वॉर्डासारखंच वाढवलं. अंगात ताप असला तरी चादरीला सुरकुती चालायची नाही. तपासणीला कोणी आलं की सगळं झकास दिसलं पाहिजे, रडगाणं परक्यासमोर गायचं नाही. हे धडे आपण इतके गिरवले, की शेवटी त्यांनीच आपला घात केला.

शुश्रूषागृहात, म्हणजे जिथे चोवीस तास नर्स हजर असते तिथे, तळमजल्यावरची एक खोली आईसाठी पंधरा मार्चपर्यंत राखून ठेवली आहे, हे तुला कळवलंच होतं. तिथला खर्च सरकार उचलतं, पण ‘सतत देखरेखीची गरज’ असा शेरा मिळाला तरच. आईच्या पेन्शनमध्ये महिन्याचे जेमतेम दहा दिवस निघतील. उरलेले वीस दिवस तिने काय हवेवर काढायचे? तर ती गरज तपासायला अनुदान कार्यालयाचा माणूस गेल्या आठवड्यात सकाळी दहाला आला.

आणि मी काय केलं असेल? टेलिफोन कामगारांच्या सभांमध्ये तीस वर्षं माईक गाजवलेली, लोक जिला तोफ म्हणतात ती मी, आदल्या दिवशी घर घासत बसले. न्हाणीघरातली जी दोरी धरून आई उठते, ती ओंगळ दिसते म्हणून सोडून ठेवली. गादीवरचं रबरी कापड कपाटात कोंबलं. आईला कडक इस्त्रीचे कपडे घातले. बाईंनी मैदान मारलं! त्याने वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. अरे, हेच प्रश्न तिने स्वतः हजारो रुग्णांना विचारलेत. उलट, प्रश्न फार घाईने विचारतोस, माणसाला श्वास तरी घेऊ दे, असं म्हणून तिने त्यालाच झापलं. तो तिच्या तब्येतीचं कौतुक करत जिना उतरला. त्याच दिवशी दुपारी तिने मला विचारलं, की दुसऱ्या पाळीची सिस्टर अजून का आली नाही.

काल निकालाचं पत्र आलं: ‘स्वतःची काळजी घेण्यास समर्थ.’ गेल्या महिन्यात ही समर्थ बाई दोनदा पडली. दोन्ही वेळा मी उचलली आणि माझ्या कमरेने कायमचा संप पुकारला. फेरतपासणीचा अर्ज तीस दिवसांत द्यायचा आहे. त्यावर दोन्ही मुलांच्या सह्या लागतात. माझी झाली आहे. अर्ज सोबत पाठवते.

तुझा लोभ आहे हे मला ठाऊक आहे. या खेपेला तो शाईत दिसू दे.

तुझी,
ताई

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. सही मात्र अजून केलेली नाही. आधी पूर्ण वाच, मग तोफ डाग.

दर रविवारी मी आईशी फोनवर बोलतो. ती माझं ब्लडप्रेशर विचारते, गोळी जेवणाआधी घेतो की नंतर ते विचारते, आणि नंतर म्हटलं तर ओरडते. अशा बाईला नेऊन कुठे टाकायचं? बाबा गेले तेव्हा तू पंधरा वर्षांची आणि मी नऊचा. बदल्या नाकारून, बढत्या सोडून तिने आपल्याला एका जागी वाढवलं. आणि आता तिची वेळ आली तर आपण तिला परक्यांच्या हाती द्यायचं? घरीच दिवसभराची बाई ठेव. तिचा पगार मी देतो.

तुझी भाषणं मला लहानपणापासून पटत आली आहेत. अडचण एवढीच, की सभा संपून घरी आलो की शंका सुरू होतात. सध्या नदीवरच्या दोन पुलांची तपासणी चालू आहे, रोज दोरावर लोंबकळतो आहे. उत्तराला उशीर झाला तर त्याचा राग आईवर काढू नकोस.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
ठोंब्या

दि. १५ फेब्रुवारी

चि. ठोंब्या यास अ. उ. आ., आणि आज सोबत एक धपाटाही.

टाकायचं! हा शब्द तू चक्क शाईने लिहिलास? टाकतात केराला. आईला आपण नेणार आहोत, तिचा हात धरून, तिच्या हक्काच्या जागी. छत्तीस वर्षं दर महिन्याला तिच्या पगारातून कर कापला गेला. दुसऱ्यांच्या आयांची अंथरुणं तिने बदलली, तेव्हा त्यांच्या मुलांनी त्यांना ‘टाकलं’ असं ती कधी म्हणाली नाही. मग तिची पाळी आल्यावरच हा शब्द कुठून उगवला? परक्यांच्या हाती म्हणतोस. अरे, ती स्वतःच आयुष्यभर लोकांसाठी तो परका हात होती!

दिवसभराची बाई म्हणतोस. दोन ठेवून झाल्या. पहिलीला तिसऱ्या दिवशी अंथरूण नीट घालता येत नाही म्हणून मेट्रनबाईंनी बडतर्फ केलं. दुसरी आपणहून गेली. जाताना मला म्हणाली, की काम करायला आले होते, परीक्षा द्यायला नाही.

आणि तुझे ते रविवारचे फोन! सकाळी साडेदहाला करतोस, बारा मिनिटं बोलतोस. तुझा धंदा काय आहे रे? कोणी नुसता रंग मारलेला पूल दाखवला तर तू काठावरून बघून सही करतोस का? नाही ना? मग खाली उतर. मला कमरेसाठी वीस तारखेपासून पाच दिवस इस्पितळात राहायला सांगितलं आहे. तू येऊन आईजवळ राहा, एकटा. मदतीला कोणी बोलवायचं नाही. त्यानंतर सही करायची की नाही ते तू ठरव. मी एक शब्दही बोलणार नाही. माझ्या आयुष्यातलं हे पहिलंच मूक आंदोलन असेल.

लोभ आहे तसा राहील, पण वीस तारीख चुकवलीस तर खात्री देत नाही.

तुझी,
ताई

दि. २३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

कंबर कशी आहे? तिथल्या सिस्टरना संघटना काढायला लावू नकोस म्हणजे झालं.

तुझं मूक आंदोलन यशस्वी झालं आहे. पहिल्या दिवशी सकाळी आईने माझी नखं तपासली, मला उभं करून दाढी करायला पाठवलं, आणि मला वाटलं, ताई अतिशयोक्ती करते. दुपारी एकपर्यंत ती ठणठणीत होती. तीनला तिने मला डॉक्टर म्हणायला सुरुवात केली. पाचला ती दार उघडून निघाली, वॉर्डात जायचंय म्हणून. मी अडवलं तर तिने मला इतक्या अदबीने बाजूला व्हायला सांगितलं, की मी झालोच. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर धरलं तिला.

रोज तसंच. सकाळी ती माझी आई असते आणि दुपार कलली की मी तिचा कोणीच नसतो. काल पलंगाखाली ओल्या चादरी सापडल्या. चोपून घड्या घातलेल्या, चारही कोपरे जुळवलेले. गोळ्यांच्या डबीत अकरा दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या. ताई, ती आपल्यापासून लपवते आहे, आणि लपवायचं कसं हे तिच्याइतकं कोणाला येतं?

मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी माझ्या धंद्यातलं केलं. तासातासाची नोंद ठेवली: काय खाल्लं, कुठे तोल गेला, काय विसरली, कुठे निघाली. वर नाव लिहायला हात होईना, म्हणून फक्त ‘स्त्री, वय ८६’ एवढंच लिहिलं. तीन दिवसांचा तक्ता झाला. अर्जाला तोच जोडायचा असं ठरवलं. अर्जावर सहीही केली. नऊ वर्षांच्या मुलासारखा रडलो, पण केली.

आता गोची अशी, की तक्ता आणि अर्ज जेवणाच्या टेबलावर ठेवून मी आंघोळीला गेलो, आणि परत येतो तर दोन्ही गायब. आईच्या खोलीचं दार आतून बंद आहे. कागद उलटल्याचा आवाज येतो आहे. मी बाहेर उभा आहे, शाळेत उभं केल्यासारखा. पुढे काय होईल ते कळवतो.

आशीर्वाद असू दे, आज जरा जास्तच लागेल.

तुझा,
ठोंब्या

दि. २४ फेब्रुवारी, सकाळचे साडेआठ

चि. तोफ व चि. ठोंब्या, दोघांनाही अ. उ. आ.

या वेळी माझं डोकं ठिकाणावर असतं, म्हणून आत्ताच लिहिते. एक प्रत इस्पितळात जाईल, दुसरी ठोंब्याच्या हातात देईन. एकाच घरात असून पत्र का, असं त्याने विचारू नये. तोंडी सांगितलेलं पाळीबरोबर संपतं, लिहिलेलं टिकतं.

काल टेबलावर एक तक्ता मिळाला. अक्षर भिकार. दोन ठिकाणी वेळ लिहिलेली नाही. नाडी एकदाही मोजलेली नाही. माझ्या वॉर्डात असा तक्ता कोणा सिस्टरने दिला असता तर मी तो तिच्यासमोर फाडला असता. तरीही बसून सगळा वाचला. रुग्ण जिन्यावर जाते, औषध घेत नाही, अंथरूण ओलं झालं तर लपवते, तोल जातो, आणि सांभाळायला एकटाच माणूस, तोही अडाणी. सवयीने खाली शेरा लिहिला: ‘हिला घरी ठेवू नये. चोवीस तास नर्स हवी. उशीर करू नये.’ सही केली. मग वरचं वय वाचलं.

ओल्या चादरींचं लिहिलंय तिथे एकदा रेघ मारावीशी वाटली, मग खालच्या शेऱ्यावरही. पण मी लिहिलेला शेरा छत्तीस वर्षांत कोणी खोडलेला नाही, डॉक्टरांनीसुद्धा. मग मीच कशी खोडू?

तेव्हा मी जाते आहे. कोणी मला नेत नाही, कोणी टाकत नाही. ठोंब्या, तू पलंगापाशी बसून आसवं गाळणार असशील तर येऊ नकोस. तोफे, तिथल्या स्वयंपाकघरात जाऊन भाषण देऊ नकोस. अंथरूण कसं घालतात ते मी बघून घेईन, आणि त्या मुलींना शिकवीनही.

एक मात्र तुम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. तपासणी अधिकाऱ्याने सकाळी दहाची वेळ दिली तर मी त्याला पुन्हा हरवीन. मुद्दाम नाही. समोर कोणी वही घेऊन बसलं की माझी पाठ आपोआप ताठ होते. अर्जात भेटीच्या वेळेचा रकाना आहे, तो ठोंब्याने कोरा सोडलाय. ठोंब्या, त्यात ‘सायंकाळी पाच’ असं ठळक अक्षरात लिही, तक्ता माझ्या शेऱ्यासकट जोड, आणि आज दुपारी एकच्या आत पाकीट टपालात टाकून ये.

तुमची आई
(मेट्रन, निवृत्त)