रेतीतलं पन्हं

३ एप्रिल १९५७, बुधवार

पाटवडी फसली. ताटात थापली तर थापूनच घेईना, नुसती पसरली. हे मुकाट्यानं जेवले, दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाले, "आजचा झुणका छान झालाय." झुणका! दोष चुलीचा आहे. वर्ध्याची शेगडी सांगेल तसं ऐकायची. ही चूल पाठ वळली की विझते आणि समोर बसलं की डोळ्यांत धूर सोडते.

वही यांनीच दिली. शाळेच्या जुन्या हजेरीची, मागची पानं कोरी आहेत. "लिहीत जा. बोलायला कोणी नाही म्हणून रुसून तरी बसणार नाहीस." रुसते! मी!

४ एप्रिल

ऊन, ऊन, ऊन. बर्फ हवा. भुशात गुंडाळलेला, पोत्यातून पाणी गळणारा बर्फ! वर्ध्याला वहिनीकडे आइस्क्रीमचं भांडं आहे, त्याचा दांडा फिरवताना आमची भांडणं व्हायची. इथून घोटच्या बाजाराला जायचं तर बैलगाडीत अर्धा दिवस जातो, आणि तिथेही बर्फ नाहीच.

६ एप्रिल

इतवारीबाई आली. येतेच रोज सकाळी, मोहफुलं वेचायला जाण्याआधी. गावची दाई. साठीची असेल, काटक, बोलणं मोजकं. आधी हात धुते, मग माझ्या पोटावर ठेवते आणि डोळे मिटते. तेवढा वेळ मी श्वास धरून बसते. मग ती म्हणते, "हाय. चांगला हाय." एवढंच. त्यानंतर माझा दिवस सुरू होतो.

पाचवा लागला. गेल्या वर्षी पाचव्यातच गेलं. वर्ध्याला, भावाच्या घरी, दोन डॉक्टर हाकेच्या अंतरावर असताना. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिलं गेलं. वहिनीचं पत्र आलंय, जंगलात काय म्हणून राहतेस, इकडे ये. यांचाही तोच सूर. मी जाणार नाही. तिथे माझ्या पोटावर असा हात कोणी ठेवत नाही.

आज इतवारीबाईनं मला मोहफुलांचे लाडू शिकवले. फुलं मातीच्या तव्यावर भाजायची, भाजलेले तीळ घालायचे आणि उखळात कुटायचं. साखरेचा कण नाही, गुळाचा खडा नाही, तरी इतके गोड! मी तीन खाल्ले. तिनं एक बाजूला ठेवला, पळसाच्या पानात बांधून. "लच्छूचा," म्हणाली. लच्छू तिचा मुलगा. आठ वर्षांचा होऊन तापानं गेला, त्याला खूप वर्षं झाली. नाल्याच्या काठावर त्याच्या नावाचा दगड उभा आहे. "रानातलं जे नवं येते ते आधी त्याले. मंग मले."

९ एप्रिल

काल दुपारी वावटळ आली. शाळेमागच्या आंब्याखाली कैऱ्यांचा सडा! शाळेतली पोरं त्यावरून उड्या मारत घरी गेली, पण एकानंही कैरी उचलली नाही. बिचारी! कैरीचं काय करतात तेच यांना माहीत नसणार. आता मी दाखवते. ओचा भरून घेऊन आले.

१० एप्रिल

आजचा दिवस माझा!

कैऱ्या चुलीतल्या राखेत भाजल्या. इथे मात्र या चुलीचे उपकार, अशा खरपूस भाजल्या की काय सांगू! साल काढली, गर कोळला. बाजारचा काळा गूळ, चिमूटभर मीठ, वेलदोडे कुटून घातले. मग गाडग्याला फडकं बांधून ते नाल्याच्या ओल्या रेतीत गळ्यापर्यंत पुरलं आणि वरून ओलं पोतं टाकलं. ही युक्ती इतवारीबाईचीच, ती ताक असं ठेवते. दुपारी काढलं तर गाडग्याला हात लावल्यावर शिरशिरी आली. बर्फाच्या तोंडात मारेल असं!

ती चारोळी द्यायला आली होती. मी मार्कंड्याच्या जत्रेतला पितळी पेला काठोकाठ भरला आणि तिच्या हातात दिला.

"काय होय वो हे?"

"आधी पिऊन तर पाहा. मग ओळखा!"

ती पेल्यात बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी नुसती फुलून आले होते. इतक्या दिवसांनी माझ्या हातचं काहीतरी धड झालं होतं ना! तिनं पेला वर केला आणि सगळा एका दमात प्यायली.

"थंडं हाय," म्हणाली. "चांगलं हाय, बाई."

तोंड पुसलं आणि गेली. मी अजून आनंदात आहे. उरलेल्या कैऱ्यांचं लोणचं घालते उद्या.

१२ एप्रिल

काल आली नाही. आजही नाही. पोटावर मीच हात ठेवून बसले, पण मला काही कळत नाही.

१३ एप्रिल

ती का येत नाही ते कळलं. नीट लिहिते.

यांनी आज शाळेत तोंडी हिशेब घातला. झाडावर वीस आंबे होते, सात खाल्ले, किती उरले? वर्ग गप्प. यांना वाटलं वजाबाकी अडली. पुन्हा विचारलं. शेवटी मागून एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, आतं खात नाई." मग सगळी एकदम बोलायला लागली. आंब्याचा पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा तोंडाला लावायचा नाही. पडलेलासुद्धा नाही. आधी देवाला, मग आपल्या मेलेल्या माणसांना, मग जिवंतांना. गावाचा सण, त्या दिवशी सगळे मिळून नवा आंबा करतात. जो आधी खाईल त्याला सणाच्या जागी उभं राहता येत नाही. त्याच्या हातचं त्याच्या मेलेल्या माणसांना पोचत नाही. आणि पंडुम होईपर्यंत त्यानं कोणाच्या घरात पाय ठेवायचा नाही.

पोरांना म्हणे कैरीचं काय करतात ते माहीत नाही! मी शहाणी!

आणि सांगितलं होतं तिनं. माझ्यासमोर बसून सांगितलं होतं, जे नवं येते ते आधी त्याले. याच वहीत लिहून ठेवलंय मी, चार पानं मागे! लाडवांच्या कृतीखाली!

गुळाच्या आणि वेलदोड्याच्या वासात तिला कळलं नाही. मी "ओळखा" म्हणून खेळ केला आणि म्हातारीला फसवलं. लच्छूचा आंबा मी तिच्याकडून हिसकून घेतला.

लोणच्याची बरणी परसात नेऊन पुरली.

१४ एप्रिल

भर उन्हाळ्यात पाऊस. अंगणाअंगणांत वाळत घातलेली मोहफुलं भिजली. विहिरीवर रुखमा म्हणाली, "कोनं तरी नेम मोडला, म्हून पानी आलं. सुकलू आता इचारनच." माझ्याकडे बघून नाही म्हणाली, पण माझी घागर हातातून सुटली. पोचा आला.

१५ एप्रिल

सुकलूकडे गेलो, दोघंही. सुकलू गावाचा गायता, म्हणजे सगळी पूजा त्याच्याच हातची. मी वाटेत चार वेळा पाठ केलं होतं, तिथे गेल्यावर सगळं विसरले आणि रडतच सुटले. मीच उचलल्या, मीच केलं, म्हातारीला माहीत नव्हतं, तिला काही करू नका, मला बाहेर ठेवा.

सुकलू बाजेवर बसून ऐकत होता. म्हणाला, "इतवारी तं परवाच येऊन गेली. मीच तोडला, मीच खाल्ला, म्हने."

"खोटं बोलतेय ती!"

"खोटं आसन," तो म्हणाला. "तुमी बाहेरगावचे, मास्तरीनबाई. तुमाले आमचा नेम लागत नाई. तिनं पेलं, तिले लागते. तुमी तिच्या जागी कशा बसान?"

मी म्हटलं, मग लच्छूचं काय? तर म्हणाला, त्याच्या दगडापुढे आंबा मी ठेवीन, पण तो आईच्या हातचा नसेल.

येताना हे माझा हात धरून चालत होते. गावातून, भर रस्त्यानं! एरवी मी लाजेनं मेले असते.

१६ एप्रिल

ती आली! घरात नाही. कुंपणापलीकडे, रस्त्यावर, डोक्यावर टोपली. तिथूनच विचारलं, "दुखते का?" मी नाही म्हणून मान हलवली. "पानी जाते का आंगातून?" नाही. "मंग चांगला हाय." आणि निघाली.

मी मागून ओरडले, "इतवारीबाई, मला माफ करा हो!" तिनं वळून बघितलं नाही. ऐकू गेलं नसेल. की गेलं?

१९ एप्रिल

वहिनीचं पुन्हा पत्र. यांनी बैलगाडीचं विचारून ठेवलंय. "इतवारी आता घरात येत नाही, तुझ्याजवळ कोण आहे?" बरोबरच आहे त्यांचं. पण मी आत्ता गेले तर म्हातारीला काय वाटेल? चूक केली आणि पळाली! मी पंडुमपर्यंत मुदत मागून घेतली आहे. त्यानंतर ती माझ्या घरात आली नाही, तर वर्धा.

रात्री भात आणि अंबाडीची भाजी. भाजी चांगली झाली होती.

२१ एप्रिल

हललं!!

पीठ मळत होते. आधी वाटलं भूक लागली असेल. मग पुन्हा. मासोळीनं शेपटी मारावी तसं. पिठाच्या हातांनीच कुंपणाकडे धावले. ती रोजच्या वेळेला येतच होती. "हललं!" मी ओरडले. तिनं टोपली खाली ठेवली, कुंपणाच्या काट्यांतून हात आत घातला आणि मग आठवण होऊन मागे घेतला.

"कोन्या बाजूनं?"

"उजव्या."

ती हसली. तिला पुढचे दोन दात नाहीत, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.

२८ एप्रिल, रविवार

आज पंडुम झाला.

सकाळपासून ढोल. सगळं गाव मोठ्या आंब्याखाली. मी सकाळीच खीर केली. तांदूळ, दूध, गूळ आणि तिनंच दिलेली चारोळी वाटून. आटवून घट्ट केली, गाडगं नाल्याच्या रेतीत पुरलं. दुपारी ते घेऊन निघाले. हे म्हणाले, "मी येऊ?" म्हटलं नको.

ती गावाबाहेर पळसाखाली एकटी बसली होती. तिथून नाल्याचा काठ दिसतो. मी शेजारी जाऊन बसले. तिनं "जा" म्हटलं नाही. खूप वेळानं सुकलू काठावर गेला, वाकला आणि लच्छूच्या दगडापुढे आंबा ठेवला. ती बघत होती. रडली नाही. नुसती मान थोडी पुढे काढली, लहान मूल नीट जेवतंय की नाही ते दुरून बघावं तशी. मला ते बघवलं नाही.

मग मी गाडग्याचं फडकं सोडलं आणि एकेक बोट मोडत सांगितलं, "तांदूळ. दूध. गूळ. चारोळी, तुम्हीच दिलेली, गेल्या सालची. दुसरं काही नाही. शपथ!"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. खीर दोघींनी संपवली. लच्छूसाठी आधीच थोडी पानात काढून ठेवली होती. माझ्या हातची चालते, म्हणाली.

उद्या घरात येईल की नाही, विचारायचं धाडस झालं नाही. बैलगाडी बुधवारची ठरली आहे.

२९ एप्रिल

आली. उंबरा ओलांडून आत आली. हात धुतले, पोटावर ठेवले, डोळे मिटले. "हाय. चांगला हाय." मी रडायला लागले. म्हटलं, मी तुम्हाला फसवलं हो, तुम्हाला कळलंच नाही पेल्यात काय आहे ते.

"काऊन नाई कळन? पेला हातात घेतला तवाच वास आला."

"मग प्यायलात कशाला?"

"पोटुशी बाई एवढ्या खुशीनं देऊन राह्यली, तिले नाई कसं म्हनाव? त्याले समजते आतमंदी."

"आणि लच्छू?"

तिनं हात तसाच ठेवला होता. "थो गेलेला हाय, बाई. एक साल थांबन. हा येनारा थांबत नाई."

मग पदरातून दोन कैऱ्या काढून चुलीजवळ ठेवल्या. "आता कर तुयं ते थंडं. त्या दिवशी घाईत पेली, चव पाह्यलीच नाई."

गाडीवाल्याला नको म्हणून निरोप पाठवला.